‘म्हणून’ आणि ‘क’ : फ्रेंच उभयान्वयी शब्दसमूहांच्या अध्यापनाची चिकित्सा

१

मराठी भाषेच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला फ्रेंच भाषेची गरज पडावी, ही गोष्ट वरवर पाहता चमत्कारिक वाटते. पण ती वस्तुस्थिती आहे. ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील प्रबंध १९१४ मध्ये सिद्ध झाला आणि पहिल्या महायुद्धामुळे रेंगाळून १९२० मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचे ‘मराठी भाषेचा विकास’ हे भाषांतर १९४१ मध्ये मराठी वाचकांच्या हाती दिले. तथापि संशोधकाचे काम भाषांतरावर पूर्णपणे भागत नाही. ग्रंथकाराने एखादे विधान ठामपणे केले आहे, की केवळ शक्यता म्हणून नोंदविले आहे, की दुसऱ्याचे मत खोडण्यापुरते उच्चारले आहे, हे मूळ वाक्य पाहिल्यावाचून निश्चित होत नाही. ना. गो. कालेलकर यांच्यासारखे पॅरिस येथे शिकून आलेले अभ्यासक मराठी भाषाविज्ञानाला लाभले, याचे महत्त्व या दृष्टीनेही आहे.

शास्त्रीय गद्यातील विधानाचे हे बलाबल बहुतांशी लहान शब्दांवर तोललेले असते. नामे आणि क्रियापदे कोशात सापडतात. परंतु दोन वाक्यांना जोडणारे जे शब्दसमूह, त्यांच्या बाबतीत कोशाची मदत अपुरी पडते. फ्रेंचमध्ये ‘नों क’ या दोन शब्दांनी सुरू होणारे उपवाक्य हे ग्रंथकाराचे मत नसते. ‘असे आहे म्हणून नव्हे’ किंवा ‘असे मुळीच नव्हे’ एवढे सांगून तो ज्या कल्पनेला बाजूला सारतो, ती कल्पना त्या उपवाक्यात असते. ‘आँकॉर क’ या समूहात ‘आँकॉर’ म्हणजे ‘अजून’ किंवा ‘पुन्हा’. पण संपूर्ण समूहाचा अर्थ ‘जरी’. ‘ब्यँ क’ यामध्ये ‘ब्यँ’ म्हणजे ‘चांगले’. पण येथेही अर्थ ‘जरी’ असाच. घटकांच्या अर्थाची बेरीज करून वाचणारा विद्यार्थी ग्रंथकाराने नाकारलेले मत त्याच्याच नावावर मांडण्याचा संभव असतो. ही चूक प्रबंधात एकदा शिरली की तळटीपेच्या आधाराने पिढ्यान्पिढ्या फिरत राहते.

(येथे फ्रेंच शब्द देवनागरीत उच्चारानुसार दिले आहेत. उपवाक्याच्या आरंभी येणारा ‘क’ स्वरापूर्वी आपला स्वर गमावतो. म्हणून ‘क’ आणि ‘इल’ मिळून ‘किल’ होते. ‘इल’ म्हणजे ‘तो’.)

२

हे शब्दसमूह शिकविण्याची प्रचलित पद्धत कोष्टकाची आहे. डाव्या रकान्यात फ्रेंच समूह, उजव्या रकान्यात त्याचा इंग्रजी किंवा मराठी प्रतिशब्द, आणि शेवटी ‘यापुढे सब्जाँक्तीफ येतो’ किंवा ‘येत नाही’ अशी खूण. विद्यार्थी ही यादी परीक्षेपुरती पाठ करतो. पाठांतराला कोणी नावे ठेवू नयेत. परकी भाषा पाठांतरावाचून येत नाही. आक्षेप आहे तो या गोष्टीला की कोष्टक ज्या दोन रकान्यांची जुळणी करते, ते रकाने एकाच जातीचे नाहीत.

मराठी शालेय व्याकरणाने उभयान्वयी अव्ययांचे दोन गट रूढ केले आहेत. ‘आणि’, ‘किंवा’, ‘पण’, ‘म्हणून’ ही प्रधानत्वसूचक. ‘की’, ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जर-तर’ ही गौणत्वसूचक. पहिल्या गटाचे समुच्चय, विकल्प, न्यूनत्व आणि परिणाम असे चार पोटभेद. दुसऱ्याचे स्वरूप, कारण, उद्देश आणि संकेत असे चार. आता फ्रेंच यादी या वर्गीकरणासमोर ठेवून पाहावी. ‘आव्हाँ क’, ‘आप्रे क’, ‘जुस्का स क’, ‘साँ क’, ‘पाँदाँ क’ हे पाच समूह फ्रेंच गद्यात पदोपदी भेटणारे आहेत. त्यांचे अर्थ अनुक्रमे ‘पूर्वी’, ‘नंतर’, ‘पर्यंत’, ‘शिवाय’ आणि ‘दरम्यान’. यांपैकी एकही मराठी शब्द उभयान्वयी अव्ययांच्या प्रकरणात सापडत नाही. ते सारे शब्दयोगी अव्ययांच्या प्रकरणात आहेत.

म्हणजे फ्रेंच व्याकरण ज्याला उभयान्वयी म्हणते, त्याचा मोठा भाग मराठीत शब्दयोगी आहे. विद्यार्थी चुकीच्या प्रकरणात प्रतिशब्द शोधतो, तो तेथे मिळत नाही, आणि मग मधल्यामध्ये इंग्रजीची मध्यस्थी पत्करतो. या मध्यस्थीमुळेच मराठी माणसाला फ्रेंच ही आहे त्यापेक्षा अधिक दूरची भाषा वाटते.

३

या अडचणीचे मूळ थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. संस्कृत वैयाकरणांनी अव्ययांचा व निपातांचा विचार केला. पण वाक्ये जोडणाऱ्या शब्दांची स्वतंत्र जात मानून तिच्यावर वाक्यविचार उभारला नाही. दादोबा पांडुरंग यांचे ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर लिंडली मरे याच्या इंग्रजी व्याकरणाची छाप आहे, हे अभ्यासकांना परिचित आहे. शब्दांच्या आठ जातींची जी चौकट पुढे मराठी शाळेत स्थिर झाली, तिच्यात इंग्रजी व्याकरणाच्या प्रकरणांची सावली स्पष्ट दिसते. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या बृहद्ग्रंथाने पूर्वसूरींची कसून छाननी केली. अरविंद मंगरूळकर यांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ (१९६४) या पुस्तकात त्या चौकटीकडे नव्याने पाहण्याची निकड मांडली. तरीही वर्गात शिकविली जाणारी चौकट फारशी हललेली नाही.

चौकट उसनी असणे हा स्वतः दोष नव्हे. दोष आहे तो असा की मराठी वाक्ये जोडते त्यांपैकी मोठा प्रकार या चौकटीच्या ‘उभयान्वयी’ नावाच्या खणात मावतच नाही. ‘तो आला आणि मग मी गेलो’ असे मराठी बोलते, पण त्याहून सहजपणे ‘तो आल्यावर मी गेलो’ असे बोलते. येथे जोडणारा स्वतंत्र शब्द नाही; क्रियापदाने कृदंताचे रूप घेतले आहे आणि त्याला शब्दयोगी लागले आहे. देशावरच्या ग्रामीण बोलीत ‘जाऊनशान’, ‘करूनशान’ अशी रूपे ऐकू येतात. ती अशुद्ध म्हणून शाळेत खोडली जातात. पण वाक्य जोडण्याचा मराठीचा हा हमरस्ता किती पक्का आहे, याचा पुरावा तीच रूपे देतात.

फ्रेंच शब्दसमूहांची रचना याच दृष्टीने पाहिली की कोडे उलगडते. ‘आव्हाँ’ हा फ्रेंचमध्ये मुळात नामापूर्वी येणारा संबंधदर्शक शब्द आहे: ‘आव्हाँ मिदी’ म्हणजे ‘दुपारी बाराच्या आधी’. त्याच्यापुढे नामाऐवजी संपूर्ण वाक्य आणावयाचे असेल तर मध्ये ‘क’ घालावा लागतो: ‘आव्हाँ किल व्हिएन’ म्हणजे ‘तो येण्यापूर्वी’. ल्युसियँ तेनिएर यांचा वाक्यरचनेवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा ‘क’चे कार्य एका शब्दजातीचे दुसऱ्या जातीत संक्रमण घडविणे हे आहे, अशी उपपत्ती मांडली आहे. क्रियापदाभोवती उभे असलेले वाक्य ‘क’मुळे नामाच्या जागी बसण्यास पात्र होते.

मराठीत हेच कार्य ‘येण्या-’मधील ‘-ण्या-’ आणि ‘आल्या-’मधील ‘-ल्या-’ करतात. फ्रेंच ‘आव्हाँ’ अधिक ‘क’ अधिक वाक्य. मराठी वाक्य अधिक ‘-ण्या-’ अधिक ‘पूर्वी’. क्रम आरशातल्याप्रमाणे उलटा आहे, घटक तेच आहेत. पन्नास समूह पाठ करण्यापूर्वी विद्यार्थ्याला ही एक गोष्ट दाखविली तर निम्मी यादी त्याच्या हाती आपोआप येते. कारण ‘पूर’, ‘साँ’, ‘आव्हाँ’, ‘आप्रे’ हे संबंधदर्शक शब्द तो पहिल्या काही धड्यांतच शिकलेला असतो.

४

कोष्टकाच्या शेवटच्या रकान्याविषयी, म्हणजे सब्जाँक्तीफविषयी, अधिक विस्ताराने बोलणे अवश्य आहे. या रूपाला ‘संशयार्थ’ म्हणण्याचा मोह होतो, आणि मग ‘जेथे संशय तेथे सब्जाँक्तीफ’ असे सूत्र सांगितले जाते. ते टिकत नाही. ‘आव्हाँ क’ आणि ‘आप्रे क’ हे परस्परांचे विरुद्धार्थी. पैकी ‘पूर्वी’पुढे सब्जाँक्तीफ येतो आणि ‘नंतर’पुढे प्रमाण फ्रेंचमध्ये स्वार्थाचे रूप येते. गाडी निश्चित येणार असली तरी ‘गाडी येण्यापूर्वी’ या अर्थाच्या उपवाक्यात सब्जाँक्तीफच. येथे संशय कोठून आला?

या प्रश्नाचे उत्तर मराठीच्या दोन कृदंतांत लपलेले आहे. मराठीत ‘आल्यानंतर’ म्हणतात आणि ‘येण्यापूर्वी’ म्हणतात. ‘आल्यापूर्वी’ असे कोणीही म्हणत नाही. ‘-ल-’ हा प्रत्यय घडलेल्या क्रियेचा आहे. ‘नंतर’ म्हणावयाचे तर आधीची क्रिया घडून गेलेली असली पाहिजे. म्हणून तेथे ‘-ल्या-’. ‘पूर्वी’ म्हणताना ती क्रिया अजून घडलेली नसते, तिचे केवळ नाव घेतले जाते. म्हणून तेथे ‘-ण्या-’. फ्रेंच याच भेदासाठी एकीकडे स्वार्थ आणि दुसरीकडे सब्जाँक्तीफ वापरते. ‘आप्रे किल ए व्हन्यू’ म्हणजे ‘तो आल्यानंतर’. ‘आव्हाँ किल व्हिएन’ म्हणजे ‘तो येण्यापूर्वी’. प्रश्न संशयाचा नाही. बोलणारा ती क्रिया घडली असे विधान करीत आहे, की तिचा केवळ निर्देश करीत आहे, एवढाच प्रश्न आहे.

आज फ्रान्समध्येही ‘आप्रे क’पुढे सब्जाँक्तीफ वापरण्याची प्रवृत्ती बळावली आहे, ‘आव्हाँ क’च्या सादृश्याने ती आली असे सामान्यतः समजतात, आणि कडवे वैयाकरण तिला दूषण देतात. ज्या नियमात खुद्द फ्रेंच भाषक अडखळतो, तो नियम मराठी भाषकाच्या कानाला जन्मापासून ठाऊक असलेल्या भेदाशी जुळावा, ही गोष्ट शिक्षकाने सोडून देण्यासारखी नाही.

५

याहूनही मोठे उदाहरण ‘म्हणून’चे आहे. कोष्टकात त्याच्यासमोर बहुधा ‘दोंक’ किंवा ‘पार्स क’ असते. वस्तुतः ‘म्हणून’ हे ‘म्हणणे’ या धातूचे पूर्वकालवाचक रूप. ज्ञानेश्वरीच्या काळापासून ‘म्हणौनि’ या रूपाने ते वाक्ये जोडण्याचे काम करीत आले आहे. संस्कृत ‘इति’ आणि कन्नड ‘एंदु’ यांच्याशी त्याचे कार्य पुष्कळसे मिळतेजुळते आहे. जे म्हटले, मानले किंवा मनात धरले, ते ‘म्हणून’च्या डाव्या बाजूस असते. त्या मनात धरलेल्या गोष्टीचे स्वरूप कोणते, हे ‘म्हणून’ स्वतः सांगत नाही. त्याच्या आधीचे क्रियापद सांगते.

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचे उदाहरण घ्यावे. पश्चिमेकडील घाटमाथ्याच्या मानाने येथे पाऊस कमी आणि बेभरवशाचा. येथील वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांकन मिळाले. त्या घेवड्याचे सारे गणित खरिपाच्या पावसावर अवलंबून. या भागातील कोणाच्याही तोंडी पुढील चार वाक्ये सहज येतील:

पाऊस आला म्हणून घेवडा पेरला.
पाऊस यावा म्हणून देवाला साकडे घातले.
पाऊस येईल म्हणून वाळत घातलेला घेवडा आत घेतला.
पाऊस आला. म्हणून पेरणी झाली.

चारही ठिकाणी शब्द एकच आहे. फ्रेंचमध्ये मात्र चार वेगळे शब्द लागतील. पहिल्यात घडलेले कारण आहे: ‘पार्स क’ आणि स्वार्थ. दुसऱ्यात हेतू आहे: ‘पूर क’ आणि सब्जाँक्तीफ. तिसऱ्यात धास्तीने घेतलेली खबरदारी आहे: ‘द क्रँत क’ आणि सब्जाँक्तीफ, किंवा धास्तीची छटा नको असल्यास ‘ओ का ऊ’ आणि त्यापुढे कोंदिस्योनेल, म्हणजे संकेतार्थाचे रूप. चौथ्यात दुसरे स्वतंत्र वाक्य आहे: ‘दोंक’. कोष्टक पाठ केलेला विद्यार्थी चारही ठिकाणी ‘पार्स क’ लिहितो आणि दुसऱ्या वाक्यात ‘पाऊस आला या कारणाने साकडे घातले’ असा विपरीत अर्थ करून बसतो.

याच विद्यार्थ्याचे लक्ष ‘आला’, ‘यावा’, ‘येईल’ या तीन रूपांकडे वेधले तर काय घडेल? ‘यावा’ हे विध्यर्थाचे रूप. पाऊस आला की नाही, याविषयी ते काहीच सांगत नाही. येणे इष्ट आहे एवढेच सांगते. ‘पूर क’पुढील सब्जाँक्तीफचे प्रयोजन याहून वेगळे नाही. म्हणजे मराठीला सब्जाँक्तीफ माहीत नाही, हे विधान पुन्हा तपासले पाहिजे. त्या नावाची रूपावली मराठीत नाही हे खरे. परंतु तिच्या कार्याचा बराच भाग विध्यर्थ आणि धातुसाधित नाम यांनी वाटून घेतलेला आहे.

फ्रेंचमध्येही एकाच समूहाने क्रियापदाच्या रूपावरून अर्थ पालटल्याची उदाहरणे आहेत. ‘द सॉर्त कों लाँताँ’ म्हणजे ‘परिणामी त्याचे बोलणे ऐकू येते’. ‘द सॉर्त कों लाँताँद’ म्हणजे ‘त्याचे बोलणे ऐकू यावे अशा रीतीने’. समूह तोच, फरक शेवटच्या ‘द’चा. पहिल्यात परिणाम घडला असे विधान आहे, दुसऱ्यात तो केवळ अभिप्रेत आहे. ‘आला म्हणून’ आणि ‘यावा म्हणून’ हा भेद ज्याच्या जिभेवर आहे, त्याला या ‘द’चे मोल समजावून सांगण्यास फार वेळ लागू नये. शास्त्रीय ग्रंथ वाचताना तर हे मोल मोठेच आहे. ग्रंथकार झालेला परिणाम नोंदवीत आहे की कोणाचा हेतू सांगत आहे, हे या एका व्यंजनावर ठरते.

६

कर्त्याच्या एकत्वाचा नियम हा असाच दुसरा मुद्दा. दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर फ्रेंच भाषा ‘क’ टाळते आणि क्रियापदाचे मूळ रूप वापरते: ‘आव्हाँ द पार्तीर’ म्हणजे ‘स्वतः निघण्यापूर्वी’. कर्ते भिन्न असतील तरच ‘आव्हाँ किल पार्त’, म्हणजे ‘तो निघण्यापूर्वी’. ‘पूर’, ‘साँ’, ‘द क्रँत’ यांचीही हीच तऱ्हा. विद्यार्थ्यांना हा नियम लहरी वाटतो.

परंतु ‘मी जेवून निघालो’ असे म्हणणारा मराठी भाषक ‘मी जेवून तो निघाला’ असे म्हणत नाही. तेथे ‘मी जेवल्यावर तो निघाला’ असेच म्हणतो. ‘पाऊस पडून ओढ्याला पूर आला’ यासारखे कार्यकारणाचे अपवाद आहेत. पण सामान्य नियम कर्त्याच्या एकत्वाचाच आहे. हेतूच्या बाबतीतही तेच: ‘मी शेत पाहायला आलो’, पण ‘त्याने शेत पाहावे म्हणून मी आलो’. पहिल्यात फ्रेंच ‘पूर’ आणि मूळ धातुरूप, दुसऱ्यात ‘पूर क’ आणि सब्जाँक्तीफ. जो नियम लहरी वाटत होता, तो विद्यार्थी आपल्या भाषेत रोज पाळीत असतो. त्याला तो कोणी दाखवून दिलेला नसतो, इतकेच.

७

कारणवाचक शब्दांच्या त्रयीविषयीही असेच म्हणता येईल. ‘पार्स क’, ‘प्वीस्क’ आणि ‘कार’ या तिहींसमोर कोष्टक ‘कारण’ एवढेच लिहिते. १९७५ मध्ये ‘रेव्ह्यू रोमान’ या नियतकालिकात फ्रेंच भाषावैज्ञानिकांच्या एका गटाने या तिघांवर संयुक्त निबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून त्यांचा भेद हा वाक्यार्थविचारातील एक प्रसिद्ध विषय झाला आहे. थोडक्यात सांगावयाचे तर ‘पार्स क’ दोन घटनांमधील कार्यकारणसंबंध सांगतो, आणि ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यास तोच चालतो. ‘कार’ आधी केलेल्या विधानाचे समर्थन करण्यासाठी मागाहून येतो; वाक्याच्या आरंभी त्याला जागा नाही. ‘प्वीस्क’ श्रोत्याला मान्य असलेली, किंवा मान्य आहे असे बोलणाऱ्याने धरलेली, गोष्ट पुढे करून तिच्यावरून अनुमान काढतो.

मराठीत ‘ज्याअर्थी-त्याअर्थी’ ही जोडी नेमके ‘प्वीस्क’चे काम करते. ‘ज्याअर्थी दिवा जळतो आहे त्याअर्थी तो घरी आहे’ या वाक्यात दिवा हे घरी असण्याचे कारण नाही. अनुमानाचा आधार आहे. ‘तो घरी आहे, कारण दिवा जळतो आहे’ हे ‘कार’चे वाक्य. ‘पार्स क’ येथे मुळीच शोभणार नाही असे नाही, पण दिव्यामुळे तो घरी राहिला असा अर्थ होण्याचे भय राहते. प्राचीन काव्यातील किंवा लेखातील रूपावरून एखाद्या प्रत्ययाचा काळ ठरविणाऱ्या ग्रंथात, घटनेचे कारण आणि अनुमानाचा आधार यांची गल्लत झाली तर सारा युक्तिवादच उलटा वाचला जातो.

८

मातृभाषेचा आधार सर्वत्र पुरतो असे मात्र समजू नये. ज्या ठिकाणी ती वाट चुकविते, ती ठिकाणेही शिक्षकाने तितक्याच स्पष्टपणे दाखविली पाहिजेत. अशी चार ठिकाणे विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहेत.

पहिले ‘जरी-तरी’चे. ‘पाऊस आला तरी’ या शब्दांचे दोन अर्थ होतात: पाऊस आलेला असूनही, आणि पुढे पाऊस आलाच तरीदेखील. फ्रेंचमध्ये पहिल्याला ‘ब्यँ क’ आणि सब्जाँक्तीफ, दुसऱ्याला ‘मेम सी’ आणि स्वार्थ. म्हणजे घडलेल्या गोष्टीला सब्जाँक्तीफ आणि काल्पनिक गोष्टीला स्वार्थ! येथे वर मांडलेली उपपत्तीही ताणावी लागते. घडलेली गोष्ट येथे विधान म्हणून पुढे केलेली नसून मान्य करून बाजूला ठेवलेली आहे, असे समाधान देता येते. पण नवशिक्याने येथे उपपत्तीवर विसंबण्यापेक्षा नियम पाठ करणे बरे.

दुसरे ‘तोपर्यंत’चे. ‘पाऊस येईपर्यंत थांब’ याला ‘जुस्का स क’ बरोबर जुळते, आणि ‘येई-’ हे रूपही काळ न सांगणारे आहे. पण मराठीत ‘पाऊस येत नाही तोपर्यंत थांब’ असेही म्हणतात. या नकाराचे शब्दशः रूपांतर करून विद्यार्थी ‘जुस्का स क’पुढे नकार घालतो, आणि अर्थ बिघडतो. नकार ठेवावयाचा असेल तर ‘ताँ क’ हा समूह घ्यावा लागतो.

तिसरे, याच्या उलट, फ्रेंचमधील रिकाम्या नकाराचे. ‘आव्हाँ क’, ‘द क्रँत क’, ‘आ म्वँ क’ यांच्यापुढे शिष्ट फ्रेंच लेखक एकटा ‘न’ घालतात. त्याचा अर्थ नकाराचा नसतो. खरा नकार ‘न’ आणि ‘पा’ या दोघांनी मिळून होतो. मराठी वाचक ‘न’ दिसताच नकार वाचतो. ‘घरी पोहोचतो न पोहोचतो तोच पाऊस आला’ या मराठी वाक्यात माणूस घरी पोहोचलेलाच असतो, याची आठवण येथे उपयोगी पडेल. दोन्ही ‘न’ एकच नव्हेत. पण ‘न’ दिसला म्हणजे नकार झालाच असे नाही, एवढा धडा त्यातून मिळतो.

चौथे ‘तर’चे. ‘तो आला तर मी जाईन’ यातील ‘आला’ भूतकाळाच्या रूपात असून भविष्याविषयी बोलते. फ्रेंच ‘सी’पुढे अशा वेळी वर्तमानकाळ हवा. ‘तो आला असता तर मी गेलो असतो’ यात मराठी दोन्हीकडे ‘असता-असतो’ ठेवते; फ्रेंचमध्ये मात्र ‘सी’च्या उपवाक्यात कोंदिस्योनेल चालत नाही. ही चूक फ्रेंच मुलेही करतात आणि त्यांचे शिक्षकही तिच्यावर लाल शाई खर्च करतात, हे विद्यार्थ्याला दिलासा म्हणून सांगण्यास हरकत नाही.

९

वरील विवेचनावरून अध्यापनाचा क्रम कसा असावा, हे सुचते. प्रथम संबंधदर्शक शब्द आणि ‘क’ यांची जोडणी, मराठी शब्दयोगी अव्ययांच्या आधाराने. त्यानंतर ‘-ल्या-’ आणि ‘-ण्या-’, ‘आला म्हणून’ आणि ‘यावा म्हणून’ या भेदांच्या द्वारे स्वार्थ व सब्जाँक्तीफ. मग कर्त्याच्या एकत्वाचा नियम. त्यापुढे कारण, हेतू, परिणाम, विरोध असे अर्थानुसारी गट. फेर्दिनाँ ब्र्यूनो यांनी १९२२ मध्येच अर्थाकडून रूपाकडे जाण्याची वाट फ्रेंच व्याकरणासाठी आखून दिली होती. आणि सर्वांत शेवटी यादी. यादी अशी शेवटी आली म्हणजे ती स्मरणाला भार होत नाही, समजलेल्या गोष्टींची उजळणी होते.

हा प्रश्न केवळ फ्रेंचच्या वर्गापुरता नाही. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला इंग्रजीची मध्यस्थी परवडते, कारण इंग्रजी त्याच्या कानावरून गेलेली असते. कोरेगावच्या डी. पी. भोसले महाविद्यालयातून किंवा तशाच एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाहून पदवी घेऊन मराठीच्या पदव्युत्तर वर्गात आलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. इंग्रजी वाक्यरचना त्याला स्वतःलाच अर्धी परकी असते; तिच्यामार्फत फ्रेंच शिकणे म्हणजे एका अडचणीवर दुसरी अडचण रचणे. अशा विद्यार्थ्याला ‘तुझे इंग्रजी कच्चे, तेव्हा फ्रेंचच्या वाटेला जाऊ नकोस’ असे सांगितले जाते, आणि मराठीच्या इतिहासावरील एक मूलभूत ग्रंथ त्याच्यासाठी कायमचा परभाषेत बंद राहतो. वस्तुतः त्याच्याजवळ ‘पाऊस यावा म्हणून’ हे वाक्य आहे, आणि फ्रेंच वाक्यरचनेच्या एका कठीण समजल्या जाणाऱ्या प्रकरणाची किल्ली त्या वाक्यात आहे.

ती किल्ली त्याच्या हाती देण्याचे काम फ्रेंचचा शिक्षक एकटा करू शकणार नाही. मराठी व्याकरणाच्या अध्यापकाने ‘म्हणून’, ‘-ल्यावर’, ‘-ण्यापूर्वी’, ‘-ऊन’ ही सारी साधने वेगवेगळ्या प्रकरणांतून उचलून ‘मराठी वाक्ये कशी जोडते’ या एका प्रश्नाखाली एकत्र मांडली पाहिजेत. तसे झाल्यास फ्रेंच शिकणाऱ्याचे काम हलके होईल. मराठीच्या अभ्यासाला तर त्याहून मोठा लाभ होईल. कारण शाळेतल्या चौकटीत ज्यांना जागा मिळाली नाही, ती वाक्ये जोडण्याची मराठीची स्वतःची रीत तेव्हा प्रथमच सलगपणे नजरेसमोर येईल.